दगड आणि वीट: नावडत्या उमेदवारांतून निवड

गेल्या महिन्यात पक्षाच्या अभ्यासशिबिरात समारोपाचे भाषण आटोपून मी खाली बसलो, तोच मागच्या रांगेतील एका तरुण कार्यकर्त्याने उभे राहून विचारले, "सर, रिंगणातला एकही उमेदवार आपला नसेल तर मत कुणाला द्यायचे? आणि मुळात द्यायचेच कशासाठी?" मंडपात हशा पिकला. मीही 'दगडापेक्षा वीट मऊ' ही म्हण सांगून वेळ मारून नेली. घरी परतताना मात्र माझेच मन मला खाऊ लागले. सारे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात घालविलेल्या माणसाने एका गंभीर प्रश्नाची म्हणीवर बोळवण करावी, हे काही बरे नव्हे. शिवाय ती म्हण अर्धवट आहे. वीट दगडापेक्षा मऊ असेलही, पण डोक्यात बसली तर वीटही कपाळमोक्षच करते. तेव्हा त्या तरुण मित्राला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर येथे देत आहे.

आपल्या देशात राष्ट्रपतीची निवड खासदार आणि आमदार करतात. त्यामुळे सामान्य नागरिकावर राष्ट्रप्रमुख निवडण्याचा प्रसंग थेटपणे येत नाही. फ्रान्समध्ये १९६२ च्या सार्वमताने ही निवड जनतेच्या हाती दिली आणि १९६५ साली तेथे अशी पहिली निवडणूक झाली. पहिल्या फेरीत कुणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर दोन आठवड्यांनी पहिल्या दोन उमेदवारांतच दुसरी फेरी होते. पहिल्या फेरीत निवडायचे आणि दुसरीत वगळायचे, असे तेथील लोक म्हणतात. आपल्या तरुण मित्राचा प्रश्न फ्रेंच समाजवाद्यांपुढे अत्यंत कठोर स्वरूपात दोनदा उभा राहिला, आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली. म्हणूनच तो इतिहास आपण नीट तपासला पाहिजे.

अलीकडचा प्रसंग आधी घेऊ. २१ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समध्ये पहिल्या फेरीचे मतदान झाले. उमेदवार सोळा होते. उजव्या आघाडीचे विद्यमान राष्ट्राध्यक्ष झाक शिराक आणि समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ यांच्यातच अंतिम सामना होणार, असे सारेच धरून चालले होते. निकाल लागला तेव्हा शिराक यांना १९.८८ टक्के, वंशद्वेषी राजकारण करणाऱ्या ज्याँ-मारी ल पेन यांना १६.८६ टक्के आणि जोस्पाँ यांना १६.१८ टक्के मते पडली होती. दोन लाखांहूनही कमी मतांच्या फरकाने समाजवादी उमेदवार स्पर्धेबाहेर फेकला गेला. त्याच रात्री जोस्पाँ यांनी राजकारणातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले.

हे घडले कसे? जोस्पाँ यांच्या मंत्रिमंडळात एकत्र बसलेल्या, किंवा काही काळ बसून बाहेर पडलेल्या, पाच पक्षांनी पाच उमेदवार उभे केले होते: समाजवादी, कम्युनिस्ट, हरितवादी, डावे रॅडिकल आणि शव्हेनमाँ यांचा गट. ह्या पाचांच्या मतांची बेरीज ३२ टक्क्यांवर जाते, म्हणजे शिराक यांच्या मतांहून कितीतरी अधिक. ह्याशिवाय ट्रॉट्स्कीवादी उमेदवारांनी मिळून १० टक्क्यांहून अधिक मते घेतली. मते होती, ती एका पेटीत नव्हती, एवढेच. जोस्पाँ दुसऱ्या फेरीत पोहोचणारच आहेत, तेव्हा पहिल्या फेरीत त्यांना थोडा चिमटा काढू, असा विचार अनेकांनी केला. मत म्हणजे निरोप, असे समजून त्यांनी ते दिले. परंतु मोजणाऱ्याला निरोप वाचता येत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात.

तथापि सारा दोष मतदाराच्या माथी मारणे हा आपला जुना खोडसाळपणा आहे. जोस्पाँ सरकारने आठवड्याला ३५ तास कामाचा कायदा केला, गरिबांना आरोग्यविम्याचे छत्र दिले, ही कामगिरी लहान नव्हती. पण ह्याच सरकारच्या काळात फ्रान्स टेलिकॉमसारख्या सरकारी उद्योगांच्या भागभांडवलाची विक्री झाली. १९९९ मध्ये मिशलँ ह्या टायर कंपनीने नफावाढीच्या घोषणेबरोबरच युरोपातील साडेसात हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा सगळ्याच गोष्टींची अपेक्षा सरकारकडून करू नये, अशा आशयाचे उत्तर पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून दिले. प्रचाराच्या सुरुवातीलाच आपला कार्यक्रम समाजवादी नाही, असेही त्यांनी सांगून टाकले. मग समाजवादाला मत देऊ इच्छिणाऱ्याने काय करायचे होते? कामगारवर्गात जोस्पाँ यांच्यापेक्षा ल पेन यांनाच अधिक मते पडली, ही गोष्ट तेथील कुठल्याही समाजवाद्याने लाजेने मान खाली घालावी अशी आहे.

आता दुसऱ्या फेरीचा प्रश्न. एका बाजूला ल पेन: नाझींच्या वायुकोठड्या हा महायुद्धाच्या इतिहासातला केवळ एक तपशील आहे, असे १९८७ मध्ये बोलून गेलेले आणि परदेशातून आलेल्या श्रमिकांविषयी द्वेष पसरविणारे गृहस्थ. दुसऱ्या बाजूला शिराक: धनिकांचे मित्र, आणि पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातील गैरव्यवहाराचे आरोप असलेले. (२०११ मध्ये न्यायालयाने त्यांना त्या प्रकरणी दोषीही ठरविले.) डाव्या मतदारापुढे तीन वाटा होत्या: शिराक यांना मत देणे, कोरी मतपत्रिका टाकणे किंवा घरी बसणे.

ज्यांनी शिराक यांना मत देण्याचे नाकारले त्यांची बाजू पोरकट नव्हती. ती नीट मांडली पाहिजे. आर्लेत लागिये यांनी आपल्या मतदारांना शिराक यांना मत देण्याचे आवाहन केले नाही. अशा भूमिकेमागचा युक्तिवाद थोडक्यात असा: ज्या धोरणांनी माणसे बेकार आणि हताश झाली, त्याच धोरणांच्या पुरस्कर्त्याला आपण निवडून दिले, तर ल पेन यांचे पीक आणखीच जोमाने येईल. शिवाय शिराक निवडून येणार हे उघड आहे; मग आपला शिक्का त्यांच्या नावावर का उमटवायचा? आणि एकदा 'वीट मऊ' म्हणायची सवय लागली की दर पाच वर्षांनी वीटच पदरात पडते. घर मात्र कधी बांधले जात नाही.

ह्या युक्तिवादातील शेवटचा भाग खरा आहे, हे मी पुढे दाखविणार आहे. पण पहिल्या भागात एक चूक आहे, आणि ती चूक मताच्या स्वरूपाविषयी आहे. मत म्हणजे उमेदवाराला दिलेले चारित्र्याचे प्रशस्तिपत्र नव्हे. अर्थशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवितो की कुठल्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून दिलेल्या दुसऱ्या पर्यायाचे मोल. माझ्यापुढे शिराक की आदर्श समाजवादी, असा पर्याय असेल तर शिराक यांना मत देणे हे पाप आहे. पण पर्याय शिराक की ल पेन असा असेल, तर न दिलेल्या मताचीही किंमत असते. ती देणारा मात्र बहुधा दुसराच असतो. घरी बसणाऱ्या प्राध्यापकाला ल पेन यांच्या विजयाने फारसे काही सोसावे लागले नसते. मार्सेच्या बंदरात किंवा पॅरिसच्या उपनगरांत राहणाऱ्या अल्जीरियन मजुराला ते सोसावे लागले असते. आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे, ह्याला मी तत्त्वनिष्ठा म्हणणार नाही.

फ्रान्समधील बहुसंख्य डाव्या मतदारांनी हे ओळखले. १ मे रोजी देशभर दहा लाखांहून अधिक लोक रस्त्यावर उतरले. 'चोराला मत द्या, फॅसिस्टाला नको' अशा आशयाची घोषणा भिंतीभिंतींवर झळकली. नाकाला चिमटा लावून आणि हातमोजे घालून मतदानाला जाण्याची भाषा इतकी पसरली की संविधान परिषदेला त्याविरुद्ध समज द्यावी लागली. ५ मे रोजी शिराक यांना ८२.२१ टक्के मते पडली, ल पेन यांना १७.७९ टक्के. प्रजासत्ताकाचे रक्षण झाले, आणि ते मुख्यतः त्याच्या टीकाकारांनी केले. माझ्या मते तो निर्णय योग्य होता.

मग न देणे कधीच योग्य नसते काय? येथे फ्रान्सचाच जुना प्रसंग उपयोगी पडतो. १९६९ च्या एप्रिलमध्ये सार्वमत हरल्यावर जनरल द गोल यांनी राजीनामा दिला आणि जूनमध्ये निवडणूक झाली. तेव्हाही डावे चार तोंडांना चार दिशांना होते. कम्युनिस्ट झाक द्युक्लो यांना २१.२७ टक्के मते मिळाली, समाजवादी देफेर यांना अवघी ५ टक्के, मिशेल रोकार यांना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, तर क्रिव्हीन यांना एक टक्का. दुसऱ्या फेरीत गेले ते द गोल यांचे वारस जॉर्ज पाँपिदू आणि मध्यममार्गी आलँ पोएर. आपल्या 'उडदामाजी काळेगोरे काय निवडायचे' ह्या म्हणीच्याच अर्थाचा फ्रेंच वाक्प्रचार वापरून द्युक्लो यांनी मतदान न करण्याचे आवाहन केले. सुमारे ३१ टक्के मतदार घरी राहिले आणि पाँपिदू निवडून आले.

द्युक्लो चुकले असे मला वाटत नाही. पाँपिदू आणि पोएर यांच्यात फरक होता. पण त्यांच्यापैकी कुणीही आला तरी कामगार संघटना चालू राहणार होत्या, वृत्तपत्रे निघणार होती, पुढची निवडणूक होणार होती, आणि कुणाच्या आडनावावरून त्याचे नागरिकत्व संशयित ठरणार नव्हते. कसोटी येथेच सापडते. दोन नावडत्या उमेदवारांतून निवड करताना, आपल्याला कोण आवडतो हा प्रश्न गैरलागू असतो. कोणाच्या राज्यात आपल्याला संघटना बांधता येईल, संप करता येईल, सभा घेता येईल आणि पाच वर्षांनी त्यालाच पाडता येईल, हा खरा प्रश्न आहे. ह्या बाबतीत दोघे सारखे असतील, तर मत रोखून धरणे हेही राजकारण आहे. दोघांत फरक असेल, तर मत रोखणे ही केवळ चैन आहे. विरोधक निवडण्याचीही एक संधी असते, आणि ती वाया घालवू नये.

परंतु ह्या दोन प्रसंगांतील खरा धडा मतदानाच्या दिवसाचा नाही, तो दुसऱ्या दिवसापासूनचा आहे. १९६९ मध्ये धूळ चाटल्यानंतर फ्रेंच समाजवादी १९७१ मध्ये एपिने येथील अधिवेशनात एकत्र आले. १९७२ मध्ये त्यांनी कम्युनिस्टांबरोबर समान कार्यक्रमावर सह्या केल्या. १९७४ मध्ये फ्राँस्वा मित्तराँ ४९.१९ टक्क्यांपर्यंत पोहोचले आणि १० मे १९८१ रोजी ५१.७६ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. फाशीची शिक्षा रद्द झाली, पगारी रजेचा पाचवा आठवडा मिळाला, निवृत्तीचे वय साठावर आले. पुढे १९८३ मध्ये त्याच सरकारने काटकसरीची वाट धरली, हे खरे. पण बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या फेरीत ज्यांना कुणीच आपले नव्हते, त्यांनी आपला उमेदवार घडविला आणि निवडून आणला, हेही तितकेच खरे.

२००२ नंतर काय झाले? ८२ टक्क्यांतील मोठा वाटा डाव्यांचा होता; पण शिराक यांनी सरकार निव्वळ उजव्यांचे बनविले. जूनमध्ये लोकसभाही त्यांच्याच हाती गेली, आणि २००३ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना पूर्ण निवृत्तिवेतनासाठी साडेसदतीसऐवजी चाळीस वर्षे वर्गणी भरण्याचा कायदा आला. डाव्यांनी मत दिले, पण अट घातली नाही, आणि मत दिल्यावर सगळे पांगले. मग म्हणीची किंमत वसूल होऊ लागली. २०१७ मध्ये मारीन ल पेन यांच्याविरुद्ध एमान्युएल माक्राँ यांना ६६ टक्के मते पडली. त्या वेळी कोऱ्या आणि बाद मतपत्रिकांची संख्या चाळीस लाखांवर गेली, आणि १९६९ नंतर प्रथमच दुसऱ्या फेरीचे मतदान पहिलीपेक्षा कमी झाले. २०२२ मध्ये माक्राँ यांची मते ५८.५५ टक्क्यांवर आली. ल पेन घराण्याच्या दुसऱ्या फेरीतील मतांचा प्रवास असा: २००२ मध्ये १७.७९, २०१७ मध्ये ३३.९, २०२२ मध्ये ४१.४५. समाजवादी पक्षाच्या उमेदवाराला २०२२ च्या पहिल्या फेरीत मिळालेली मते होती १.७५ टक्के.

हे आकडे मी मुद्दाम एका ओळीत मांडले आहेत. धरणाची भिंत तीच आहे, पाणी मात्र दरवेळी चढते आहे. भिंतीला खांदा लावणाऱ्यांना मजुरीही मिळत नाही. २०२३ मध्ये माक्राँ सरकारने निवृत्तीचे वय बासष्टवरून चौसष्ट करणारा कायदा लोकसभेत अंतिम मतदान न घेताच मंजूर करून घेतला. जुलै २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दुसऱ्या फेरीपूर्वी डाव्या आणि मध्यममार्गी मिळून दोनशेहून अधिक उमेदवारांनी माघार घेऊन अतिउजव्यांना सत्तेपासून रोखले. डाव्यांची आघाडी सर्वांत मोठा गट ठरली, तरी राष्ट्राध्यक्षांनी पंतप्रधान नेमले ते उजव्या पक्षाचे मिशेल बार्निए. त्यांचे सरकार डिसेंबरमध्ये अविश्वासाच्या ठरावाने पडले. पण ज्याने एकदा माघार घेऊन दुसऱ्याला निवडून दिले, तो पुढच्या खेपेस कोणत्या उमेदीने तसे करील? विटेला आपण मत देतो, ते विटेने उपकार मानावेत म्हणून नव्हे. तरीही विटेने वारंवार पाठ फिरवली, तर दगडाचे वजन वाढत जाते, हे विटेलाही ऐकविले पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. १९७७ साली मी महाविद्यालयात होतो. मतदानाचे वय तेव्हा एकवीस असल्याने मला मत नव्हते. पण भिंती रंगविण्यास आणि पत्रके वाटण्यास वयाची अट नव्हती. आणीबाणी लादणाऱ्या सत्तेविरुद्ध, ज्यांच्याशी आपले जन्माचे भांडण होते अशांच्या बरोबरीने मते मागण्यात समाजवाद्यांनी चूक केली असे मला आजही वाटत नाही. तुरुंगाची दारे उघडणे ही त्या घडीची पहिली गरज होती. परंतु मत देणे वेगळे आणि आपला पक्षच विसर्जित करून देणे वेगळे. जनसंघासह सारे एका जनता पक्षात विलीन झाले, दुहेरी सदस्यत्वाच्या वादात १९७९ मध्ये तो पक्ष फुटला, आणि समाजवाद्यांना परतायला आपले घर उरले नव्हते. विटेला मत द्यावे. विटेच्या भिंतीत स्वतःला चिणून घेऊ नये. अनेक ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे वाक्य रुचणार नाही, ह्याची मला कल्पना आहे.

काहीजण म्हणतील, आता 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे, ते दाबावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने तो हक्क मिळाला, आणि ती चांगलीच गोष्ट झाली. पण लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत ह्या बटणाला कितीही मते पडली तरी उरलेल्यांपैकी अधिक मतांचा उमेदवारच विजयी होतो. फ्रान्समध्येही २०१४ च्या कायद्याने कोऱ्या मतपत्रिका वेगळ्या मोजल्या जातात, परंतु ग्राह्य मतांत धरल्या जात नाहीत. दोन्हीकडे नकार नोंदला जातो. निर्णय मात्र इतरेजनच करतात. उमेदवारांत फरक नसेल तेथे हे बटण दाबण्यास माझी हरकत नाही. फरक असेल तेथे मात्र ते दाबताना, निर्णय आपण कुणाच्या हाती सोपवीत आहोत, हे पाहून घ्यावे.

तेव्हा, तरुण मित्रा, माझे उत्तर असे आहे. आपला उमेदवार असेल तेथे त्याच्यासाठी जिवाचे रान कर. पण चार डाव्यांनी चार उमेदवार उभे करून तिसऱ्याला वाट मोकळी करून देण्याचा खेळ पक्षाच्या बैठकीतच हाणून पाड. आपला उमेदवार नसेल तेथे, ज्याच्याशी उद्या लढता येईल अशा विरोधकाला मत दे, आणि ते का दिले हे वस्तीत उघडपणे सांग, म्हणजे त्याला ते प्रेमाचे मत वाटणार नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मोर्चाची तारीख ठरव. मतदानाला पाच मिनिटे लागतात. उरलेली पाच वर्षे आपल्या हातात असतात, आणि पुढच्या निवडणुकीत तुझा प्रश्न तुला पुन्हा विचारावा लागणार की नाही, हे त्या पाच वर्षांतच ठरते.

शिबिरात तुझ्या प्रश्नावर लोक हसले, आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. वास्तविक त्या प्रश्नाने आम्हां जुन्या मंडळींनी ओशाळायला हवे होते. आपल्या कार्यकर्त्याला मनापासून मत द्यावेसे वाटेल असा उमेदवार पक्षाने त्याच्यापुढे उभा केला नाही, हे अपयश त्याचे नाही. ते आमचे आहे.